सविताचं नो ड्यूज

नववीतल्या सविताचे वडील तिचा टीसी न्यायला आले होते. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्या आधी लायब्ररीचं नो ड्यूज लागतं. मुलीकडे आमचं एकही पुस्तक राहिलेलं नाही, अशी माझी सही. सिरसाळ्याकडच्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे.

रजिस्टर उघडलं. तिच्या नावावर एक कादंबरी होती, मीच आग्रहानं दिलेली. वयात येणारी एक मुलगी घरच्यांना तोंडावर 'नाही' म्हणायला शिकते, त्याची गोष्ट. माझ्या लई आवडीची. नववीतली पोरगी दिसली की मी हीच पुढे करायची. सविता दोन महिने ती परत करत नव्हती. मी दोनदा रागावलेही होते.

कुठं निघालीस म्हणून विचारलं, तर वडीलच म्हणाले, मामाकडं, परळीच्या शाळेत घालतोय. मी पुस्तक मागितलं.

"हरवलं, मॅडम," सविता खाली बघत म्हणाली.

वडिलांनी तिचं दप्तर ओढून घेतलं. कादंबरी त्यातच होती.

मी भडकले. "खोटं बोलतेस? हेच शिकलीस का वाचून?"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या रजिस्टरात आजवर एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं, त्याचा मला कोण तोरा! पानं तपासली, 'परत'चा शिक्का मारला, सही केली.

पंधरा दिवसांनी तिची मैत्रीण आली. सविताचं लग्न झालं होतं.

"ती म्हनायची, पुस्तक दिलं न्हाई तर टीसी मिळत न्हाई," मैत्रीण म्हणाली.

तिचं 'हरवलं' मला तेव्हा कळलं. पटावर नाव असेल आणि मुलगी शाळेत येईना, तर वर्गशिक्षक घरी चौकशीला जातात. लग्नाचा सुगावा लागतो, ते अडवताही येतं. टीसी नेला की विचारणारं कुणी उरत नाही.

मी हेडमास्तरांकडे धावले. ते म्हणाले, "बाई, लग्न लागून गेलं. आता काय अडवणार?" ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणूनच जास्त लागलं.

आता टीसीसाठी मुलगी आली की मी आधी बापाला बाहेर बसवते आणि तिला एकटीला विचारते. त्यानंतर चौघींची पुस्तकं मी हरवलेली दाखवली. तपासणीत बोलणीही खाल्ली. चारही माझ्या कपाटात आहेत. सविताच्या नावापुढे मात्र 'परत'चा शिक्का आहे.