गिझर आणि गुरुवारची सुट्टी

मंडळी, आज थेरगावात गिझर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, विजेवरचा की गॅसवरचा? तुमच्याकडे लाईट जाते का?"

मला सत्तरच्या दशकातली आमची भोसरीची खोली आठवली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सुट्टीच्या दिवशी निवांत अंघोळ करता यावी म्हणून बोनसमधून विजेचा हीटर आणला. पण वीजकपातीमुळे गुरुवारी लाईट बंद, म्हणून त्यांच्या कंपनीलाही सुट्टी गुरुवारचीच!

आई हसून म्हणाली, "अवो, तुमची आन् लायटीची सुट्टी एकाच दिवशी हाय की!"

मग गुरुवारी तांब्याचा बंब पेटायचा आणि अण्णा आम्हा पोरांना पाठ चोळून अंघोळ घालायचे.

मी गॅसवरचाच घेतला राव. पण लाईट गेली की अजूनही क्षणभर वाटतं, आज अण्णा घरी असतील.