नाला उपसायची परवानगी

नाल्यात कोणी उतरू नये, हा हुकूम मी नाल्यात उभा राहून वाचला. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आमची मुलं पाणी प्यायचं निमित्त काढून उठतात, इतक्यांदा ही गोष्ट घरात सांगून झाली आहे. म्हणून म्हटलं, आता कागदावर उतरवावी. कागद बिचारा उठून जात नाही.

प्लेग मुंबईत आला त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही हकिकत. मी नाल्यांच्या खात्यात कारकून होतो. आषाढ संपत आला होता, पावसाने सकाळपुरती उसंत दिली होती, आणि साहेबाच्या सहीचा हुकूम वाचून दाखवायला मी वरळीच्या कोळीवाड्यात गेलो होतो. डोक्यावर पगडी, पायांत नवे जोडे, बगलेत छत्री. वाड्याच्या पाठीमागे शहराकडून येणारा नाला खाडीला मिळतो, तिथे माणसं जमली होती. सर्वांना दिसावं, आवाज पोचावा, म्हणून मी एक छानशी सपाट जागा हेरली आणि ऐटीत जाऊन उभा राहिलो.

‘खात्याच्या परवानगीवाचून या नाल्यात कोणाही इसमाने पाय ठेवू नये’ इथवर वाचेपर्यंत माझे घोटे गेले. ‘गाळ काढू नये’ला गुडघे गेले. ‘तसे करणारा इसम शिक्षेस पात्र होईल’ हे शब्द मी कमरेइतक्या गाळातून, कागद डोक्यावर धरून वाचले. हुकूम अर्धवट सोडायचा नाही, एवढी शिस्त माझ्या अंगात होती. अक्कल किती होती, ते आता विचारू नये.

पुढेच एक म्हातारी कोळीण उभी होती. वाड्याच्या पाटलाची आई. लहानथोर सगळे तिला पाटलीणबाय म्हणत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वाच, वाच, पुरता वाच! आनि मंग पयला तुलाच धरून ने. नाल्यात तूच उबा हाय, आमी नाय!”

मग जे हसू फुटलं ते मला वल्ह्याला धरून बाहेर ओढेपर्यंत थांबलं नाही. डाव्या पायातला जोडा मात्र खाडीने ठेवून घेतला.

आता कोणी म्हणेल, अहो, नाल्यांच्या खात्यातला माणूस, तुम्हाला नाला ओळखता येऊ नये? त्याचं कारण ऐका. कचेरीतल्या नकाशात त्या जागेला निळा रंग दिलेला होता. निळा म्हणजे पुरुषभर खोल वाहतं पाणी. कंत्राटदाराने आदल्या वर्षीच तो नाला साफ केला होता, असं आमचे कागद सांगत होते. रोज तो नकाशा बघून बघून माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की, नाला म्हणजे पाणी. पाणी दिसेना, तेव्हा मी समजलो, नाला अजून पुढे असणार. अशी चूक फक्त कचेरीत बसून नाले वाहवणारा माणूसच करू शकतो.

कंत्राटदाराची रीत मला नंतर कळली. तो गाळ उपसायचा खरा, पण दोन्ही काठांवरच त्याचे ढीग लावायचा. पहिल्या जोरदार सरीबरोबर ते ढीग पुन्हा नाल्यात. पुढच्या वर्षी तोच गाळ, तोच कंत्राटदार. नाल्याचं तोंड तुंबलं की इकडे परळच्या सखल भागात पाणी चढायचं आणि गिरणीतली माणसं चाळीच्या पायऱ्या धोतर वर धरून चढायची.

कोळ्यांची रीत निराळी होती. पावसाळ्यात त्यांच्या होड्या या नाल्यातच आत ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असत. आषाढातल्या अमावास्येला ओहोटी फार लांब जाते. त्या सकाळी घरटी एक माणूस पाटी घेऊन यायचा आणि सगळे मिळून नाल्याचं तोंड मोकळं करायचे. पुढे नारळी पौर्णिमेला दुपारचं उधाण आलं की त्या मोकळ्या तोंडातून होड्या बाहेर पडायच्या. पणजोबांच्या आधीपासून असंच चाललं होतं. त्या वर्षी आलेल्या नव्या साहेबाला मात्र ते पटलं नाही. सार्वजनिक नाल्याला परक्या माणसांनी हात लावणं म्हणजे ढवळाढवळ. गाळ काढायचाच तर कंत्राटदार काढील, दसरा झाल्यावर. आणि तोवर मासळीचे चांगले दिवस होड्यांनी आत बसून मोजायचे! ज्यांची चूल होडीवर पेटते, त्यांनी खायचं काय, हे हुकुमात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी तर तो दोनदा वाचला होता, एकदा कोरडा आणि एकदा ओला.

घरी फणसवाडीत आलो आणि बायकोला म्हटलं, जरा पाय घसरला. तिने धोतर पाहिलं, एकुलता जोडा पाहिला आणि पाणी तापत ठेवलं. पण आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण ही नेमकी त्या पाटलीणबायची सून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुके बोंबील घेऊन आली आणि दारातच बसकण मारून तिने सगळं साग्रसंगीत सांगितलं. “वयनी, तुमचा मालक असा बुडत होता आनि असा वाचत होता!” असं म्हणून तिने सुपाचा कागद करून डोक्यावर धरून दाखवला. आतल्या खोलीत मी पगडी घालत होतो, ती घालायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

कोळीण गेल्यावर बायको आत आली. “मग त्यांच्या होड्या बाहेर कशा यायच्या?”

“तो प्रश्न खात्याचा नाही.”

“खातं नाल्याचं आहे ना? की कागदांचं?”

“हुकूम आहे, साहेबाचा.”

“हुकूम आहे ते कळलं. मी होड्यांचं विचारलं.” एवढं बोलून ती बोंबील निवडायला बसली.

मी कचेरीत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, न बोलावता, साहेबापुढे उभा राहिलो. म्हटलं, साहेब, त्या जागी गाळ आहे. त्याने नकाशा उलगडला, निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथे पुरुषभर पाणी आहे.”

“साहेब, तिथे मी उभा होतो. कमरेपर्यंत गाळ मी स्वतः पाहिला. खाली आणखी किती आहे, ते पाहायला थांबलो नाही.”

“मग तू दुसरीकडे कुठे तरी उभा असशील.”

झालं. मी भित्रा माणूस. घोड्यांच्या ट्राममध्ये कोणी पायावर पाय दिला तर मीच माफी मागतो. पण सगळ्या कोळीवाड्यादेखत माझी शोभा झाली होती, आणि हा मनुष्य म्हणतो की तू तिथे नव्हतासच! फजितीसुद्धा माझी माझ्याकडे ठेवायला तयार नाही. डोक्यात काही तरी सणकलं. तेवढ्यात साहेबाने वर हेही सांगितलं की अमावास्येला पहाटे पोलीस शिपाई घेऊन तूच जा आणि त्या लोकांना अडव. मी ‘यस सर’ म्हटलं. सवयीने.

अमावास्येच्या सकाळी उजाडता उजाडता मी खाडीवर पोचलो. ओहोटीने पाणी पार तिवरांच्या पलीकडे नेलं होतं. सबंध नाला काळाभोर, उघडा पडला होता. आत शाकारलेल्या होड्या रांगेने बसलेल्या. वाड्यातून माणसं निघाली, बाप्ये, बाया, प्रत्येकाच्या हातात पाटी नाही तर फावडं. पुढे पाटलीणबाय.

“आला काय कारकून? आज उबा ऱ्हा, पन जागा बगून ऱ्हा!”

माझ्याबरोबरचा शिपाई रत्नागिरीकडचा होता. त्याने त्या माणसांकडे पाहिलं, आपल्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, ह्या इतक्या माणसांक मी एकटो कसो अडवतलंय? तुमी सांगा तसा करतंय.”

पाटलीणबाय काठावर येऊन थांबली. आता हसत नव्हती. “बग रे, आमी उतरनार. माझी होडी सगल्यात आत हाय, सगल्यात रुंद हाय. नाला आज नाय उपसला तर पुनवेला ती भायेर येत नाय. तुला धरायचं तर धर. पन ही ओहोटी आजची हाय, उद्या नाय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. हुकूम माझ्या खिशात होता. तो काढायचा आणि पुन्हा वाचायचा, एवढंच माझं काम. मी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

“उतरा,” मी म्हटलं.

“काय म्हनतोस?”

“खात्याच्या परवानगीवाचून उतरू नये असा हुकूम आहे. खात्याची परवानगी आहे. मी देतो.”

खात्यात माझी खुर्ची सगळ्यात शेवटची, तिचाही एक पाय आखूड. मी दिलेल्या परवानगीने कचेरीतली मांजरसुद्धा हलली नसती. पण आवाज असा काही निघाला की शिपायाने मला सलाम ठोकला. तेवढ्या जोरावर मी आणखी पुढे गेलो: “पण गाळ काठावर टाकायचा नाही! पलीकडे बांधाबाहेर न्यायचा!”

“आमी काय कंत्राटदार हाव?” पाटलीणबाय म्हणाली, आणि पदर खोचून पहिली तीच उतरली.

मग काय ते काम! गाळातून बांधापर्यंत माणसांची रांग लागली. भरलेली पाटी या हातातून त्या हातात, रिकामी उलट्या रांगेने परत. मलाही स्फुरण चढलं. मी एक पाटी उचलायला गेलो आणि तिच्यासकट बसलो. पाटलीणबाय ओरडली, “तू नुस्ती परवानगी दे! पाटीला हात नको लावू!” मग मी छत्री उघडून काठावर उभा राहिलो आणि परवानगी देत राहिलो.

सूर्य वर आला तेव्हा साहेबाची बग्गी आली. कोणी तरी कळवलं असणार; कंत्राटदाराचे डोळे सगळीकडे होते. साहेब बग्गीतूनच ओरडला, “हे कोणाच्या परवानगीने?”

“माझ्या.”

“तुला अधिकार काय? हे लोक सार्वजनिक नाल्यातला गाळ काढताहेत!”

काठावर परवानगी देता देता मी इंग्रजीत चार भारी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती ऐन वेळी माझ्या जोड्याच्या वाटेने गेली. उरली ती साधी दोन-तीन. मी म्हटलं, “साहेब, नकाशात इथे पुरुषभर पाणी आहे. तेव्हा इथे गाळ नाही, आणि हे लोक काही काढत नाहीत. आणि काढत असतील, तर गेल्या साली कंत्राटदाराने काय काढलं?”

साहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग आणखी लाल. “यांना सांग, ताबडतोब थांबा!”

मी वळून सांगितलं, साहेब थांबा म्हणतो. पाटलीणबायने मानसुद्धा वर केली नाही. “साहेबाला म्हन, भरतीला सांग. ती थांबली का आमी बी थांबतो.”

मी शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं. माझं इतकं बिनचूक भाषांतर खात्यात पुन्हा झालं नाही. साहेबाने रुमाल काढून तोंडावर धरला. पाट्या त्याच्या नाकासमोरून जात होत्या. मग बग्गी वळली. खाडीचं पाणी तिवरांत शिरेपर्यंत कोळी उपसत राहिले. भरती चढली आणि नाला काठोकाठ भरला. नकाशात होता तसा, अगदी निळा नव्हे, पण पाण्याचा.

कोळ्यांवर खटला झाला नाही. खटला करायचा तर कोर्टात सांगावं लागलं असतं की नाल्यात गाळ होता. राहता राहिलो मी. साहेबाने बोलावून सांगितलं, हुकुमाचा अर्थ मला समजला नाही असं लिहून दे, माफी माग, प्रकरण मिटेल. नारळी पौर्णिमेची सुट्टी मध्ये होती, तेवढा विचार करायला अवधी दिला.

पौर्णिमेला दुपारी आम्ही दोघं मुलांना घेऊन खाडीवर गेलो. उधाण आलं. एकेक होडी नारळ, फुलं, निशाण लावून तोंडातून बाहेर पडू लागली. पाटलीणबायची शेवटची. नाल्याच्या तोंडाशी ती करकरली आणि अडली. भरती टिकते ती किती वेळ! म्हातारी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी होती, तिच्या ओठांना रंग नव्हता. वाड्यातले होते नव्हते ते पुरुष पाण्यात उतरले आणि खांदे लावले. होडी हलली, पुन्हा अडली, आणि मग एकदम सुटून खाडीत गेली. माझी बायको, जी मोठ्याने बोललेली शेजाऱ्यांनी कधी ऐकली नव्हती, ती सगळ्यांदेखत ओरडली, “गेली!”

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी सांगितलं, हुकुमाचा अर्थ मला चांगला समजला होता, म्हणून लिहून देता येत नाही. त्याच संध्याकाळी माझी बदली झाली, मोकाट गुरांच्या कोंडवाड्यावर. येणारी बढती तर गेलीच.

घरी आलो, सगळं सांगितलं. बायको दिव्याची काच पुसत होती. ती पुसून तिने दिव्यावर बसवली. मग म्हणाली, “पुन्हा कोणी विचारलं ना, परवानगी कोणाची, तर माझं नाव सांगा. माझी काय बदली करणार आहेत? आणि चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला जीभ रेटत नसेल, तर नुसतं म्हणा, घरून आहे.”