मेथीवरची सावली

ऊन चोरणारी माणसं जगात सगळीकडे असतात आणि दिसायला ती अगदी सज्जन असतात, असं ठाम मत असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. नव्वदच्या सुमारास मामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला होते आणि पाळी सुटली की गावाबाहेरच्या आपल्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर करायचे. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा त्यांच्या वाफ्यापाशी गेलो, तेव्हा कसा आहेस, कधी आलास, काही नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "सावली काढ." मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, माझ्या डोक्याची सावली मेथीच्या कोपऱ्यावर पडली होती आणि तेवढी रोपं माझ्यामुळे उपाशी होती.

मामांचं म्हणणं साधं होतं. "आमच्या बॉयलरात कोळसा टाकला तर तिसरा हिस्सा तरी वीज होऊन बाहेर पडतो. पानावर शंभर घागरी ऊन ओत, त्यातली एखादी घागर त्याच्या पोटात जाती. बाकी सारं सांडतं. अन् त्या एका घागरीत बी तू तुझं डोकं घालणार?" कोळसा म्हणजेही जुनं ऊनच, माणूस नव्हता तेव्हा कुठल्याशा पानांनी धरून ठेवलेलं, हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा आणि नजर दूरच्या धुराड्यांवर जायची. त्याच धुराड्यांची राख वाऱ्यावर येऊन मेथीवर बसे. मग रोज सकाळी मामा झारी घेऊन वाफ्यांची तोंडं धूत. तोंड धुतल्याशिवाय पान ऊन खाणार कसं, ही त्यांची काळजी. स्वतःच्या आंघोळीची आठवण मात्र आत्याला करून द्यावी लागे.

जेवायला बसले की पहिला घास तोंडात ठेवून ते डोळे मिटत. "ही बाजरी भादव्यातल्या उन्हाची," म्हणत, "तवा ढग लय होते." त्यांच्यासमोर भाकरी खाताना मलाही कधी कधी उगीच वाटायचं की आपण एखादी गेलेली दुपार चावून खातोय. शेतातलं बुजगावणं त्यांनी इतकं बारीक केलं होतं की त्याची नुसती काठी उरली होती, आणि तिच्यावर चिमण्या निवांत झोके घेत. लेकीला बघायला आलेली मंडळी मळा पाहायला बांधावर उभी राहिली, तर मामांनी मुलाच्या बापाला हात जोडून सांगितलं, "पाहुणं, तुमचा फेटा तेवढा इकडं घ्या, मेथीवर येतोय." पाहुण्यांनी फेटा काखोटीला मारला आणि थेट स्टँड गाठला. आत्या आठवडाभर मामांशी बोलली नाही. मामांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

पिकांमध्ये त्यांचा खरा जीव मक्यावर. "मका लय हुशार. भर दुपारी बी त्याचं काम चालू. मेथीचं तसं नाय. ऊन फार झालं की पान दारं लावून घेतं अन् गप पडून ऱ्हातं."

हे वाक्य आत्याने नेमकं उचललं. तिला त्या मळ्यात एकच गोष्ट हवी होती, जुड्या बांधायला बसण्यापुरतं एक झाड. उपटलेली मेथी समोर घेऊन ती दुपारभर बांधावर उन्हात बसे. एकदा तिने चार काठ्यांवर जुनं लुगडं ताणून आडोसा केला, तर मामांनी सूर्याबरोबर त्या काठ्या सरकवत नेल्या. सावली दिवसभर वाटेवर पडत राहिली, मेथी उन्हात राहिली आणि आत्याही.

"दुपारी पान दारं लावून घेतं म्हणता ना?" आत्या म्हणाली. "मंग त्या वखताला माझ्यापुरती सावली पडली तर कुठं बिघडलं?"

"झाड काय दुपारपुरतं उगवतं व्हय? ते सकाळचं ऊन बी खाईल."

"पानाची दुपार बरी कळती तुम्हाला," असं म्हणून आत्याने पुढची जुडी ओढली. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग एका वैशाखात आत्या बांधावरच कोसळली. हातात अर्धी बांधलेली जुडी तशीच होती. मामांनी तिला उचलून मोटारीच्या खोलीत नेलं, विहिरीचं पाणी ओतलं आणि कुणाच्या तरी टेम्पोतून नाशिकरोडला दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, पण तिला बोलवत नव्हतं. मामा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मला बघून म्हणाले, "तिनं बी दारं लावून घेतली होती रे. मला कळलंच नाय." मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

आत्या वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. पावसाळा लागताच मामांनी मेथीचे सगळ्यात चांगले वाफे मोडून तिथे शेवगा लावला. शेवगाच का, तर त्याची सावली विरळ. थोडं ऊन खाली मेथीला, उरलेली सावली हिला, असा त्यांचा हिशेब होता. स्वभाव काही लगेच जात नाही.

पुढच्या वर्षी दुपार कलताना मी मळ्यात गेलो. शेवग्याखाली गोणपाटावर आत्या झोपली होती, अंगावर उन्हाचे कवडसे हलत होते. माझी लांब सावली मेथीवरून तिच्यापर्यंत गेली होती. सवयीने मी बाजूला सरकलो.

"थांब," मामा हळूच म्हणाले. "हलू नको. तिच्या तोंडावर ऊन येतंय."

मी परत जागेवर आलो. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, म्हणजे सावली जरा रुंद झाली. आत्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. आमच्या दोघांच्या सावलीत मेथीचा अख्खा पट्टा बुडाला होता. मामांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि ती जागी होईपर्यंत तसेच उभे राहिले.