आमेन म्हणेपर्यंत

आम्ही चर्चवाले रविवारी गाणी म्हणतो आणि घरी जेवायला जातो. विमलमावशी तेवढ्या रोज सकाळी परभणीच्या बसस्टँडमागं खिचडीचं पातेलं घेऊन जातात. दारूपायी घरदार सुटलेली माणसं तिथं त्यांची वाट बघतात. मावशींचा नियम एकच होता: आधी प्रार्थना, मग खिचडी.

पोखर्णीचा भागवत रोज कुरकुरायचा, "मावशी, आदी खाऊ द्या, मग देवाला बोलवा. त्याला कुटं भूक लागलीय?" मावशी चिडायच्या आणि पहिलं ताट त्यालाच द्यायच्या.

यंदाच्या थंडीत एका सकाळी भागवत काहीच बोलला नाही. भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला होता. एवढ्या वर्षांनी यानं देवापुढं मान झुकवली, म्हणून मावशींना भरून आलं. डोळे मिटून त्यांनी त्याच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. सगळे "आमेन" म्हणाले. भागवतची मान वर आली नाही.

तो प्रार्थनेआधीच गेला होता की प्रार्थना चालू असताना गेला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आता मावशी आधी खिचडी वाढतात. प्रार्थना नंतर करतात, तीही उघड्या डोळ्यांनी.