लोणार ते संग्रामपूर, मध्ये एक साडी

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात गाडीने फिरू नका. हे आधीच लिहून टाकते. तरीही जाणारच असाल, तर पाणी दुप्पट घ्या आणि एसी निघण्याच्या आदल्या दिवशी नीट तपासून घ्या. आमच्या मेकॅनिकने "एकदम फर्स्ट क्लास, मॅडम" म्हणून सांगितलं होतं. त्याच्या जिभेला हाड नाही!

जायचं ठरवलं ते बाबांनी. त्यांची धाकटी बहीण, माझी कमलआत्या, संग्रामपूरजवळच्या खेड्यात राहते. दर उन्हाळ्यात तिचा फोन ठरलेला: "दादा, आंब्याची आढी लावली. रस खायले ये." हृदयाची बायपास झाल्यापासून बाबांचं जाणं राहतच गेलं. यंदा मात्र त्यांनी हट्टच धरला. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून पुण्याहून आम्ही बापलेकच निघालो. पहिल्या दिवशी सिंदखेडराजा आणि लोणार, दुसऱ्या दिवशी बाबांचं जन्मगाव जानेफळ आणि मग शेगाव, तिसऱ्या दिवशी आत्याकडे रस. मी हे सगळं झकास आखलं होतं.

जालन्याच्या पुढे समृद्धीवर एसीने मान टाकली. काचा उघडाव्यात तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आत येत होती. सिंदखेडराजाचा राजवाडा आम्ही अक्षरशः पळत बघितला. लोणारला पोचलो तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता, त्यामुळे खाली सरोवरापर्यंत जायचा बेत रद्द करून काठावरूनच नमस्कार केला. तुम्ही गेलात तर उजाडताच उतरा, नंतर चढताना जीव जातो. लॉजवर कूलर होता, पण रात्रभर वीज ये-जा करत होती. मी इतकी वैतागले होते की परत फिरू या म्हणणार होते. बाबा मात्र सकाळी उठून दाढी करून तयार. "कमल वाट पाहून राह्यली असंन," म्हणाले.

मेहकरला पेट्रोल भरताना फोन वाजला. आत्याचा मुलगा सुभाषदादा होता.

"बाबा जवळ हायेत का?"

"नाही, चहाच्या टपरीवर आहेत. का रे?"

"आई गेली वं. पहाटे. झोपेतच."

मी पंपावर तशीच उभी राहिले. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न मारत होता.

"गाडी तूच चालवून राह्यली नं? मंग रस्त्यात मामाले काही सांगू नको," दादा म्हणाला. "त्याईच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, वरून हे ऊन. इथं आल्यावर आम्ही सांभाळू. जेवूनच या, घरी चूल नाही. आन् माहेरची साडी घेऊन ये. मामाच्या हातची साडी नेसवल्याबिगर आईले नेता येत नाही. बरफ आणला, पण ऊन लय हाय."

म्हणजे उशीर करायचा नाही, घाईही दिसू द्यायची नाही आणि चेहरा हसरा ठेवायचा. देवा, कुणाच्या वाट्याला असली सहल देऊ नकोस.

मेहकर-खामगाव रस्त्यावर जानेफळ लागतं. बाबा आधीपासूनच सरसावून बसले होते. "तो निंब दिसला की डावीकडे घे. शाळा दाखवतो तुले."

"बाबा, येताना थांबू."

"काऊन वं? आपलं ठरलं होतं नं?"

"ऊन वाढतंय. येताना नक्की."

गाव मागे पडेपर्यंत ते मान वळवून बघत होते. मला रडू फुटत होतं आणि मी घाम पुसल्याचं नाटक करत होते.

खामगावात साडीचं दुकान गाठलं. आत्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, असं सांगून बाबांना आत नेलं. आत्याचे यजमान अजून आहेत, म्हणजे ती सवाष्ण गेली. साडी हिरवीच हवी होती. कसं सुचवावं या विचारात मी असतानाच बाबांनी हिरव्या साडीवर बोट ठेवलं. "हे कमलले शोभंन. तिले हिरवा लय आवडते."

दुकानदार घडी घालत म्हणाला, "ताई, फॉल-पिको करून देऊ का? अर्ध्या घंट्यात होते."

"नको," मी म्हणाले. "तशीच द्या."

साडीची पिशवी बाबांनी स्वतःच मागच्या सीटवर ठेवली. शेगाव जवळ आलं तशी माझी धाकधूक वाढली, कारण दर्शन आणि कचोरी हे त्यांचे दोन्ही हट्ट ठरलेले. पण तेच म्हणाले, "शेगाव राहू दे. सरळ घे." दमले असतील म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढच्या ढाब्यावर झुणका-भाकर मागवली. बाबा मुकाट्याने जेवले, मलाही आग्रहाने आणखी एक भाकर घ्यायला लावली. त्या पट्ट्यात पाणी खारं आहे, बाटल्या शेगावातच भरून घ्या. पूर्णेच्या पुलावरून जाताना खाली नुसती वाळू होती.

आत्याच्या दारात मांडव होता, बायका बसल्या होत्या. सुभाषदादा धावत आला, पण त्याला तोंड उघडावंच लागलं नाही. बाबा स्वतः उतरले. मागच्या सीटवरची पिशवी घेतली, साडीची घडी बाहेर काढली आणि सुनेच्या हातात दिली. "नेसवा तिले," म्हणाले. मग ओसरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आतल्या खोलीत आढी तशीच होती. सुतकात तिला कुणी हात लावला नाही. पिकल्या आंब्यांचा वास घरभर भरला होता, आणि मला तो सहन होत नव्हता.

राख सावडून निघालो. जानेफळला मी गाडी हळू केली, तर बाबा म्हणाले, "नको. गाव पाहून आलो हे आता कोणाले सांगू?"

आज पुण्यात परतून आठवडा झाला. एसी दुरुस्त झालाय. लोणार, सिंदखेडराजा सगळं अर्धवटच पाहिलं आणि पुन्हा जावंसं वाटत नाही. काल संध्याकाळी न राहवून बाबांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुकानात. तू फॉल-पिकोले नाही म्हणाली तवा. तू फॉल लावल्याबिगर कधी साडी नेली कोणाले?"

"मग बोलला का नाहीत? एवढा रस्ता एकटेच..."

"तू गाडी चालवून राह्यली होती नं, बाई," ते म्हणाले. "मले वाटलं, हिचं रडणं सुटलं तर रस्ता कसा दिसंन हिले."