बंगालच्या कादंबरीतले आम्ही

बंगाल कसा आहे हे आम्ही तिघींनी शहापूरच्या आमच्या ओटीवर बसून ठरवून टाकलं होतं. तिघींपैकी एकीनंही तोवर बंगाली माणूस पाहिलेलं नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही.

मी मूळची मुरबाडची. वडील तिथं एका वकिलांकडे लिहायला होते. कामानिमित्त कल्याणला गेले की वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे आणि आधी स्वतः वाचून मग मला द्यायचे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी माझं लग्न झालं आणि मी शहापूरला आले. नवरा शाळामास्तर, घर भाड्याचं, सासर लहान. माहेरचा वाचनाचा रतीब मात्र तुटला नाही. मुरबाडहून कुणाची तरी बैलगाडी किन्हवलीवरून शहापूरला यायचीच, आणि वडील तिच्यात वालाच्या गाठोड्याबरोबर पुस्तकंही पाठवायचे.

दुपारी जेवणं आटोपली की शेजारच्या काकू यायच्या. त्यांच्या यजमानांची भातगिरणी होती. काकूंना अक्षरओळख बेताची, पण ऐकण्याची हौस दांडगी. त्यांच्या सासरचे पूर्वज माहुली किल्ल्यावर शिलेदार होते, हे शहापुरात कुणी विसरू नये याची काळजी त्या घेत. दुसरी यायची ती मागच्या आळीतली एक शेतकरीण. तिचं माहेर किन्हवलीचं, म्हणून सगळे तिला किन्हवलीवालीच म्हणत. ती आणि काकू भिजवलेले वाल सोलायला घ्यायच्या आणि मी वाचायची.

किन्हवलीवालीला गोष्टीतल्या माणसांइतकीच तिथल्या जमिनीची काळजी असे. एकदा मी बर्फाच्या देशातली एक अनुवादित कादंबरी लावली. पहिल्याच प्रकरणात सगळं गाव बर्फाखाली गेलेलं. तिनं वाल सोलायचं थांबवलं.

"सगला बरफच? मंग भात लावतात कवा?"

"तिथं भात नाही पिकत," मी म्हटलं.

"भात नाय? मंग ही मानसं भांडतात कशाच्या जोरावर गो?"

कादंबरीतल्या दोन भावांचं भांडण तिला शेवटपर्यंत पटलं नाही. न जेवता कुणी इतका वेळ भांडूच शकत नाही, असं तिचं ठाम मत पडलं.

पण आमचा खरा मुलूख बंगाल. बंगालीतून मराठीत आलेल्या कादंबऱ्या तेव्हा पुष्कळ मिळत. त्यांतून आम्हाला कळलं ते असं: बंगालमध्ये तरुण पुरुषांना सारखा ताप येतो. ताप आला की कुणीतरी बाई उशाशी बसून ताडाच्या पंख्यानं वारा घालते. ती बाई बहुधा जेवत नाही. तिच्या पदराला किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत असतं. आम्हीही तिच्याबरोबर रडायचो. काकू डोळे पुसता पुसता चिडायच्या. "अगं, आधी त्या पोरीला कुणीतरी पानावर बसवा. उपाशी पोटी प्रेम करायला लावलंय मेल्यांनी!"

लढाईच्या दिवसांत आसनगाव स्टेशनाजवळच्या बंगल्यात पुलांच्या कामावरचे एक बंगाली साहेब राहायला आले. बरोबर बायको होती. ही बातमी माझ्या नवऱ्यानं शाळेतून आणली, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी टांगा करून आसनगावला गेलो. न्यायला म्हणून काकूंनी तांदळाचे पापड घेतले होते. वाटेत त्या मला पुन्हा पुन्हा बजावत होत्या, "ती रडायला लागली तर तू बोल हो. मला असल्या वेळी काही सुचत नाही."

दार उघडलं ते एका ठेंगण्या, गुटगुटीत बाईनं. भांगात भरपूर शेंदूर आणि हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या, तेवढं पुस्तकाबरहुकूम होतं. बाकी काहीच नाही. ती मोठ्यानं हसत होती. आम्ही कोण, कशाला आलो, हे विचारायच्या आधीच तिनं आम्हाला हाताला धरून आत नेलं आणि पुढ्यात बश्या मांडल्या. महिनाभर ती त्या बंगल्यात बोलायला माणूस शोधत होती.

बोलायचं कसं, हा प्रश्न होता. माझा नवरा राष्ट्रभाषेच्या परीक्षा देत असे, त्याच्या पुस्तकांतून मी थोडी हिंदी उचलली होती. तिची हिंदी माझ्याहून मोडकी. पण किन्हवलीवालीनं एका वाक्यात गाठ घातली. बंगालीण बाई स्वतःकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती आणि तिच्या बोलण्यात सारखं "आमि, आमि" येत होतं.

"आमी?" किन्हवलीवाली ओरडली. "काकू, ऐकला का? ही आमी म्हनतंय! ही तर आमच्यातली हाय!"

त्यांच्याकडे 'आमि' म्हणजे 'मी', हे मला नंतर कळलं. मी किन्हवलीवालीला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, एकटीच स्वतःला आमी म्हणत असली तर ती आणखी चांगली, तिच्या एकटीत चार माणसं मावतात. त्या दिवसापासून ती बाईंना कधी भाजी, कधी भातसा नदीच्या पात्रातले मासे नेऊन द्यायला लागली. माशांसाठी बाईंनी तिला मिठीच मारली.

पुढं बाई आठवड्यातून एकदा टांग्यानं आमच्या ओटीवर यायला लागल्या. एकदा काकूंना राहवलं नाही. त्यांनी मला विचारायला लावलं की तुमच्या घरी पुरुषांना सारखा ताप का येतो.

बाईंना आधी प्रश्नच कळेना. मग मी कादंबऱ्यांचं सगळं सांगितलं: ताप, पंखा, उपास, अश्रू. त्या इतक्या हसल्या की मांडीवरचे वाल खाली सांडले. त्यांचे साहेब कधी आजारी पडत नाहीत, पडले तर त्या त्यांना काढा देऊन दुसऱ्या खोलीत निजवतात आणि स्वतः पोटभर जेवतात, असं त्यांनी सांगितलं. किल्ल्या मात्र खऱ्या. त्यांनी पदर झटकून जुडगा वाजवून दाखवला.

मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आमच्या पुस्तकांत तुम्हीपण आहात."

"आम्ही?" काकू एकदम सावरून बसल्या. "मराठे? विचार, विचार, कुठल्या पुस्तकात?"

पुढच्या खेपेला बाई ते पुस्तक घेऊन आल्या. जुनी ऐतिहासिक कादंबरी होती. त्या बंगालीत चार ओळी वाचायच्या, हिंदीत सांगायच्या, आणि मी मराठीत. गोष्ट एका विणकराच्या मुलीची. नदीकाठचं गाव, घरात माग, मुलीचं लग्न ठरलेलं. काकूंना मुलगी फार आवडली. मग एका सकाळी गावात ओरडा होतो, की बर्गी आले.

"बर्गी म्हणजे कोण गं?" काकूंनी विचारलं.

मी अडखळले. मला तोवर कळून चुकलं होतं. बर्गी म्हणजे बारगीर, मराठी घोडेस्वार. ते येतात, घरं पेटवतात, मागावरचं अर्धं विणलेलं कापड तलवारीनं कापतात आणि धान्याचे कणगे रिकामे करतात. मुलगी नदीकाठच्या वेतांत, पाण्यात उभी राहून लपते.

मी जमेल तितकं सौम्य करून सांगितलं. पण काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मांडीवरची परात खाली ठेवली.

"बंद कर ते पुस्तक. असलं खोटं लिहितात? आमच्या माहुलीच्या माणसांनी कधी कुणाच्या मागाला हात लावला नाही!"

बाईंना शब्द कळले नसतील, पण सूर कळला. त्यांनी पुस्तक मिटलं. काकू घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्यातही नाहीत.

त्या दिवसांत ओटीवर काही रंगेना. बाई यायच्या, बसायच्या, पण काकूंच्या रिकाम्या जागेकडे बघायच्या. "मी ते पुस्तक आणायला नको होतं," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. किन्हवलीवालीला मात्र राग नव्हता की लोभ नव्हता. ती म्हणाली, "आमचा धनी बैलाला भितो. त्याच्या आज्यानं घोडा कदी बघलाय?"

मी नवऱ्याला गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "अगं, बंगालवर गेलेले ते स्वार नागपूरकडचे. माहुलीचा त्यात काही संबंध नाही."

मी हे काकूंना जाऊन सांगणार होतेच, पण त्याआधीच एका दुपारी परसातल्या कुडापलीकडून त्यांचा आवाज आला. मी तुळशीला पाणी घालत होते.

"काय गं," काकू इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "त्या वेतांतून ती पोरगी बाहेर आली का?"

"आम्ही पुढं वाचलंच नाही काकू, तुम्ही नव्हता म्हणून."

"म्हणजे ती अजून पाण्यातच उभी आहे?" काकूंच्या आवाजात खरोखरची कळकळ होती. "अगं, पंधरा दिवस झाले की! थंडीनं मरेल ती!"

मग मी नागपूरचं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी घरावरची जप्ती उठवली. "मला वाटलंच होतं. नागपूरकडचेच असणार. बोलाव त्या बाईला."

बाई आल्या आणि कादंबरी पुढं सुरू झाली. काकू आता इतक्या जोरानं विणकराच्या बाजूनं होत्या की स्वार दिसले की त्याच आधी ओरडायच्या, "आले मेले नागपूरकर!" मुलगी वेतांतून निघाली, आजोळी पोचली, लग्न झालं आणि शेवटी नव्या घरात माग उभा राहिला. तेव्हा काकू रडल्या आणि बाई, ज्यांनी ती कादंबरी लहानपणापासून कितीदा वाचली होती, त्याही रडल्या. काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "रडतात गं. आपलं अगदीच चुकलं नव्हतं."

मग परतफेड म्हणून काकूंनी आपल्याकडची ऐतिहासिक कादंबरी लावायला सांगितली. तिच्यात स्वार मोहिमेवरून घरी परत येतात. वेशीपाशी ओवाळणं होतं, ढोल वाजतात, धाकटी सून नवऱ्यानं आणलेल्या तलम साडीची घडी गालाला लावते. आम्ही लहानपणापासून अशी प्रकरणं वाचत आलो होतो आणि दर वेळी छाती भरून यायची. मी त्याच सुरात वाचलं आणि बाईंना हिंदीत सांगितलं.

बाई मन लावून ऐकत होत्या. ओवाळण्याचं त्यांना फार आवडलं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "ही साडी त्यानं कुठल्या दुकानातून घेतली?"

मी मराठीत सांगितलंच नाही. पण 'साडी' आणि 'दुकान' एवढं काकूंना कळलं. किन्हवलीवाली खाली मान घालून भराभर वाल सोलत होती.

"दुकानातून कुठली!" काकू शेवटी म्हणाल्या. "मागावरून ओढून आणली असेल मेल्यानं. सांग तिला. आणि ही धाकटी सून एवढी मिरवतेय, पण तिनं विचारलं का एकदा तरी?"

मी सांगितलं. बाईंनी काकूंचा हात हातात घेतला, आणि मग कोण आधी हसलं कुणास ठाऊक, आम्ही चौघी हसत सुटलो. कादंबरी आम्ही पुरी केली, पण त्यानंतर कुठलाही वीर घरी काही घेऊन आला की कुणीतरी "दुकान विचारा" म्हणायचंच.

पुढच्या वर्षी बाईंना मुलगी झाली. आसनगावला त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून काकूंनी त्यांना बाळंतपणाला आपल्याच घरी आणलं. शेक-शेगडी, लाडू, बाळाची अंघोळ, सगळं काकूंनी केलं. एका दुपारी बाळ काकूंच्या पायांवर होतं आणि बाई शेजारी पडून काहीतरी गुणगुणत होत्या. मी अर्थ विचारला तर त्या संकोचल्या. त्यांच्याकडे पोरं झोपत नसली की बर्गी येतील अशी भीती घालतात, तेच त्या गात होत्या.

मी काकूंना सांगितलं. काकूंनी पायांवरच्या त्या इवल्याशा बंगाली मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नको गं बाई. आलेत, आणि तुझे लंगोट धुताहेत."

लढाई संपता संपता साहेबांची बदली झाली. आम्ही आसनगावला निरोप द्यायला गेलो. काकूंनी पोरीसाठी चांदीचे वाळे केले होते आणि किन्हवलीवालीनं तांदळाचं बोचकं आणलं होतं, बाईंना उचलता येईना एवढं. गाडीत बसल्यावर बाईंनी ती विणकराच्या मुलीची कादंबरी खिडकीतून माझ्या हातात दिली. मला बंगाली वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

आमचं दुपारचं वाचन चालूच राहिलं. काकूंची मात्र एक सवय बदलली. मुरबाडहून नवं पुस्तक आलं, मग ते अरबस्तानातलं असो की विलायतेतलं, की त्या आधी मला विचारायच्या, "त्यात आपण कुठं येतो का बघ. आणि आलो असलो तर कसे आलोय तेही बघून ठेव, म्हणजे मी तयारीनं बसते."

"तुमी बसा," किन्हवलीवाली म्हणायची. "मना आदी सांग, तिथं भात होतो का नाय."

मी पुस्तक उघडायची आणि दोघींसाठी पानं चाळून बघायची.