तंबूतला नावाडी

भाटघरच्या चंद्राबाईला सापाचं भय नव्हतं की अंधाराचं. जन्मात ती एकदाच खरी भ्याली, आणि तीही भोरच्या तंबूत सिनेमा बघताना.

तिचा नवरा कुंडलिक मुंबईला गेला तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा. तरी चंद्राबाई रोज ठसठशीत कुंकू लावायची. छत्तीस सालच्या उन्हाळ्यात भोरला तंबू लागला आणि एका बोलपटावरून गावात दोन तट पडले. त्यात ना गाणी, ना देव, ना मारामारी; माणसं नुसती बसून राहायची. निम्मे लोक शिव्या घालत मधूनच उठायचे. कचेरीतले रघुवीर कारकून मात्र म्हणायचे, "अहो, असं चित्र पुन्हा होणे नाही!" एका गोष्टीवर तेवढं दोन्ही तटांचं एकमत होतं. नावाड्याचं एवढंसं काम करणाऱ्या नटानं नायकाला पार झाकून टाकलं होतं.

तो नावाडी थोरल्या दिरानं, सोनबानं, पाहिला आणि घाबराघुबरा होऊन घरी आला. "त्यो आपला कुंडलिक हाय! आन् त्येला चितेवर घालून, मंतर म्हणून आग दिली!"

हे सोंग आहे एवढं सोनबाला कळत होतं, तो काही खुळा नव्हता. पण मंत्र खरे, अग्नी खरा. जित्या माणसाला विधीनं अग्नी मिळाला की तो मेल्यात जमा. मग त्याच्या बायकोनं कुंकू ठेवलं तर घराचं वाटोळं होतं, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी छातीठोक सांगून टाकलं. या शहाण्यांचं काय जात होतं? कपाळ चंद्राबाईचं होतं. शेवटी ठरलं, आईनं आणि बायकोनं बघून खरं काय ते सांगावं.

तंबूत बायकांच्या बाजूला चंद्राबाई सासूला, बाळाबाईला, चिकटून बसली. नावाडी आला. वल्हं टेकवून त्यानं मान खाजवली आणि चंद्राबाईनं त्याला ओळखलं. तीच मान, तीच खोड. तो हसला, बोलला, कुणाच्या तरी पोराला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला. मग मेला. लाकडं रचली. मंत्र सुरू झाले. मागं कुणी ओरडत होतं, "बंद करा रे!" ज्वाळा उठल्या तशी तिनं बांगड्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. खरं सांगावं तर कुंकू जाणार, खोटं सांगावं तर घर बुडणार.

बाहेर बत्तीखाली सोनबा उभाच होता. "वळखलं का?"

थोरल्या दिराशी ती समोरून बोलत नसे. "आत्याबाई, त्यास्नी सांगा..." एवढंच सासूला म्हणाली.

बाळाबाई पुढं झाली. "माझ्या प्वाराला म्या वळखायची न्हाई व्हय? ह्यो त्यो न्हवं. भावकीला सांग जा. आन् पुन्यांदा माझ्या सुनंच्या कुंकवाकडं कुणी बघायचं न्हाई."

सोनबाचा जीव भांड्यात पडला. तो झपाझप पुढं चालू लागला. सासूनं खोटं सांगितलं की सासूला दिसलंच नाही, हे चंद्राबाईला उमगेना. सोनबा वळणाआड गेल्यावर म्हातारी वाटेतच मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

"लई वाळलाय गं माझा कुंडलिक."